मनाची मशागत

मनुष्याला घर सोडून जाता येते, गाव सोडून जाता येते. पण स्वतःच्या मनाला सोडून त्याला कोठेही जाता येत नाही. म्हणून ज्याचे मन अशांत, त्याला राजवाड्यातही सुख लाभत नाही. आणि ज्याने मनाची नीट मशागत केली, त्याला झोपडीतही समाधान असते. ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून महाराष्ट्राने ज्यांना ओळखले, त्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे सारे आयुष्य अशा मशागतीत गेले.

टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. वडील वामनराव फार कडक स्वभावाचे होते. आई जानकीबाई मात्र प्रेमळ, भाविक आणि काव्याची आवड असलेली होती. नारायणाच्या कोवळ्या मनावर तिने कवितेचे आणि भक्तीचे संस्कार केले. परंतु मुलगा लहान असतानाच ती निवर्तली. मायेचे छत्र हरपताच नारायणाला घरात राहवेना. त्याने घर सोडले आणि तो नाशिकला आला. तेथे गणेशशास्त्री लेले या विद्वान गृहस्थांनी त्याला आश्रय दिला. त्यांच्यापाशी त्याने संस्कृतचा मनापासून अभ्यास केला.

1880 साली टिळकांचा विवाह झाला. त्यांच्या पत्नी म्हणजेच पुढे प्रसिद्धीस आलेल्या लक्ष्मीबाई टिळक. टिळक बुद्धिमान होते, वक्ते होते, कवी होते. परंतु त्यांचे चित्त एका ठिकाणी ठरत नसे. आज या गावी शिक्षक, तर उद्या त्या गावी कीर्तनकार, असे त्यांचे चालले होते. स्वभावही तापट होता. राग आला म्हणजे तो आवरत नसे, आणि ओसरला म्हणजे पश्चात्ताप होत असे. देशबांधवांमधील जातिभेद पाहून त्यांचा जीव तळमळे. माणसामाणसांना जोडील आणि मनाला शांती देईल, असा धर्म कोणता, या एकाच प्रश्नाने त्यांना ग्रासले होते. काही काळ नागपुरास राहून त्यांनी धर्मग्रंथांचे पुष्कळ वाचन केले.

1893 साली टिळक नागपुराहून आगगाडीने राजनांदगावला निघाले होते. हे गाव तेव्हा एका लहान संस्थानाची राजधानी होते. आज ते छत्तीसगड राज्यात आहे. डब्यात एक युरोपीय प्रवासी होता. त्याने टिळकांशी अतिशय सौजन्याने संभाषण केले आणि निरोप घेताना बायबलमधील ‘नवा करार’ हा ग्रंथ त्यांना भेट दिला. टिळक तो वाचू लागले. ख्रिस्ताच्या डोंगरावरील प्रवचनापाशी ते आले आणि त्या वचनांनी त्यांना खिळवून ठेवले. शत्रूवरही प्रेम करावे, हातून वाईट कर्म होऊ नये एवढेच पुरेसे न मानता मनातील क्रोधही दूर करावा, ही शिकवण त्यांच्या अंतःकरणाला जाऊन भिडली. आपल्या तापट मनाचे औषध त्यांना तेथे दिसले.

पुष्कळ विचार करून 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. या निर्णयाची किंमत फार मोठी होती. आप्तेष्ट दुरावले. लक्ष्मीबाईंवर तर आकाशच कोसळले. चार वर्षांहून अधिक काळ त्या लहानग्या दत्तूला घेऊन नातेवाइकांकडे राहिल्या. एका घराची दोन घरे झाली आणि दोन्ही ठिकाणी दुःख नांदू लागले.

टिळकांच्या श्रद्धेची खरी कसोटी येथे लागली. पुढे लक्ष्मीबाई परत आल्या, तेव्हा त्यांचे सोवळेओवळे आणि आचारविचार पूर्वीचेच होते. टिळकांनी त्यांच्यावर आपला धर्म लादला नाही. जो माणूस पूर्वी क्षुल्लक कारणाने संतापत असे, तोच आता धीराने वाट पाहण्यास शिकला होता. लक्ष्मीबाईंनी आपल्याच विचाराने हळूहळू जातिभेद टाकला आणि 1900 साली स्वेच्छेने बाप्तिस्मा घेतला.

धर्म बदलला, तरी टिळकांनी आपली भाषा आणि आपले संत सोडले नाहीत. तुकोबांच्या अभंगांचा पूल ओलांडूनच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, अशी त्यांची भावना होती. म्हणून त्यांनी ख्रिस्तभक्तीसाठी अभंग आणि भजने रचली, कीर्तनाची परंपरा देवळातून चर्चमध्ये नेली. त्यांची पुष्कळ गीते मराठी चर्चमध्ये आजही गायिली जातात. अहमदनगरला राहून त्यांनी अध्यापन केले, 1904 साली ते धर्मोपदेशक झाले आणि 1912 पासून त्यांनी ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी विभागाचे संपादन केले. हाती पैसा आला की तो गरजूंच्या हाती जाई. घरखर्चाची ओढाताण मात्र लक्ष्मीबाईंना सोसावी लागे. बालकवी ठोंबरे या तरुण कवीला टिळकांनी आपल्या घरी आणले आणि या दांपत्याने त्याच्यावर पुत्रवत प्रेम केले.

टिळकांचा तापटपणा समूळ गेला, असे मात्र नाही. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात पतीच्या गुणांबरोबर त्यांचा रागही मोकळेपणाने सांगितला आहे. शेतातले तण एकदा उपटले म्हणून कायमचे जात नाही. पुन्हा पाऊस पडला की ते पुन्हा उगवते, आणि शेतकरी पुन्हा खुरपे हाती घेतो. टिळकांचेही तसेच होते. प्रार्थना, भजन आणि सेवा हे त्यांचे खुरपे होते, आणि ते त्यांनी अखेरपर्यंत खाली ठेवले नाही.

1917 साली मिशनच्या वेतनाचा त्याग करून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्तावर प्रेम करणाऱ्या प्रत्येकास त्यात बंधुभावाने स्थान होते. 9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले होते. एके काळी ज्यांच्या धर्मांतराने दुःखी झाल्या, त्यांचेच हे काव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेले.

ज्याचा धर्म कोणताही असो, त्याला टिळकांच्या चरित्रातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. शांती ही आयती मिळणारी वस्तू नव्हे. वाईट विचार रोज खुडावे लागतात, चांगले विचार रोज पेरावे लागतात. मग मनाच्या शेतात समाधानाचे पीक उभे राहते.