विश्लेषण : एकाच जीवनसत्त्वाची दोन टोके... फॉलिक ॲसिड, कर्करोग आणि डॉ. सुब्बाराव यांचे संशोधन

गर्भवतींना सरकारी आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळीत फॉलिक ॲसिड असते. रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना दिले जाणारे मेथोट्रेक्सेट हे औषध नेमके याच फॉलिक ॲसिडचे काम रोखते. ही दोन्ही टोके एका भारतीय शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत येऊन मिळतात. डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव कोण होते आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी कर्करोग टळतो का, याविषयी...

कोण होते डॉ. सुब्बाराव?

१२ जानेवारी १८९५ रोजी आंध्रातील भीमवरम येथे त्यांचा जन्म झाला. वडील लवकर गेले, घरची परिस्थिती बेताची. सुब्बाराव यांचे दोन भाऊ काही दिवसांच्या अंतराने स्प्रू या आजाराने दगावले. या आजारात आतड्याला अन्नातील पोषकद्रव्ये शोषता येत नाहीत. सततचे जुलाब आणि रक्तक्षयाने रुग्ण खंगत जातो. त्यावर तेव्हा खात्रीचा उपाय नव्हता.

सुब्बाराव यांनी मद्रास मेडिकल कॉलेजात शिक्षण घेतले. स्वदेशीच्या काळात ते शस्त्रक्रियेच्या वेळीही खादी वापरत. ब्रिटिश प्राध्यापकांची त्यामुळे नाराजी ओढवली आणि एमबीबीएसऐवजी त्यांना एलएमएस या दुय्यम पात्रतेवर समाधान मानावे लागले. काही काळ आयुर्वेद महाविद्यालयात शिकवल्यानंतर सासऱ्यांच्या आर्थिक मदतीने ते अमेरिकेतील बोस्टनला गेले. पत्नी भारतातच राहिली आणि त्यांची पुन्हा भेट झाली नाही.

हार्वर्डमध्ये त्यांनी काय शोधले?

बोस्टनमध्ये पोटासाठी त्यांनी रुग्णालयात रात्रपाळीची कष्टाची कामे केली. दिवसा मात्र ते हार्वर्डच्या प्रयोगशाळेत असत. १९२५ मध्ये सायरस फिस्के यांच्यासोबत त्यांनी रक्त आणि लघवीतील फॉस्फरस मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. ती आजही जैवरसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शिकवली जाते. पुढे स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिन आणि १९२९ मध्ये एटीपी या रेणूवर या जोडीने काम प्रसिद्ध केले. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमान यांनीही स्वतंत्रपणे एटीपी शोधला. अन्नातून मिळालेली ऊर्जा पेशी ज्या रूपात वापरते, तो हा रेणू. चयापचय समजून घेण्याच्या दृष्टीने हा पायाभूत शोध होता. तरीही हार्वर्डने त्यांना कायमस्वरूपी पद दिले नाही. १९४० मध्ये ते न्यूयॉर्क राज्यातील लेडर्ली लॅबोरेटरीज या औषध कंपनीत दाखल झाले.

फॉलिक ॲसिडचा मुंबईशी संबंध काय?

१९२८ मध्ये ब्रिटिश डॉक्टर लुसी विल्स मुंबईत आल्या. कापड गिरण्यांतील गरीब गर्भवतींमध्ये आढळणाऱ्या तीव्र रक्तक्षयाचा त्या अभ्यास करत होत्या. हाफकिन संस्थेतही त्यांनी काम केले. यीस्टपासून बनवलेल्या मार्माइट या स्वस्त पदार्थाने या महिलांचे रक्त सुधारते, असे त्यांना दिसले. मात्र त्यातला उपयोगी घटक कोणता, हे कळत नव्हते.

१९४१ मध्ये अमेरिकेत सुमारे चार टन पालकातून हा घटक वेगळा काढण्यात आला. पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड हे नाव मिळाले. पण पालकातून हाती येणारे प्रमाण इतके अत्यल्प होते, की त्यातून रुग्णांवर उपचार करणे अशक्य होते. सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालील लेडर्लीच्या चमूने १९४५ मध्ये ते प्रयोगशाळेत तयार केले. लवकरच स्प्रूच्या रुग्णांवर ते गुणकारी ठरले. ज्या आजाराने दोन भाऊ नेले, त्यावरचे औषध आता हाताशी होते.

जीवनसत्त्वाने कर्करोग वाढला कसा?

नवी पेशी तयार होताना डीएनएची प्रत काढावी लागते. त्यासाठी लागणारा कच्चा माल बनवण्यात फॉलिक ॲसिडची गरज असते. ते कमी पडले की अस्थिमज्जेत रक्तपेशी नीट बनत नाहीत आणि रक्तक्षय होतो.

बोस्टनच्या बालरुग्णालयातील डॉ. सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया झालेल्या मुलांना फॉलिक ॲसिडची संयुगे देऊन पाहिली. आजार आटोक्यात येण्याऐवजी त्याने अधिकच वेग घेतल्याचे दिसले. वेगाने वाढणाऱ्या कर्करोगाच्या पेशींना आयताच खुराक मिळाला होता. मग हा पुरवठा तोडला तर?

सुब्बाराव यांच्या चमूने फॉलिक ॲसिडसारखेच दिसणारे, पण त्याचे काम अडवणारे रेणू बनवले. त्यातील एक होता अमिनोप्टेरिन. जून १९४८ मध्ये फार्बर यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. औषध दिलेल्या १६ मुलांपैकी १० जणांमध्ये सुधारणा दिसली. ती तात्पुरती होती. पण तोवर हा आजार म्हणजे काही आठवड्यांत मृत्यू, असेच समीकरण होते. औषधाने ल्युकेमिया मागे हटू शकतो, हे प्रथमच दिसले.

पुढे काय झाले?

त्यानंतर दोनच महिन्यांत, ऑगस्ट १९४८ मध्ये, सुब्बाराव यांचे न्यूयॉर्कमध्ये हृदयविकाराने निधन झाले. ते ५३ वर्षांचे होते. अमिनोप्टेरिनचे भावंड असलेल्या मेथोट्रेक्सेटने १९५६ मध्ये गर्भवेष्टनाच्या पेशींतून उद्भवणारा पसरलेला कर्करोग बरा झाल्याचे पुढे आले. आज इतर औषधांसोबत ते मुलांच्या ल्युकेमियावरील उपचारांचा भाग आहे. विकसित देशांत असे दहापैकी नऊच्या आसपास रुग्ण बरे होतात. संधिवातातही मेथोट्रेक्सेट कमी मात्रेत दिले जाते. हत्तीरोगविरोधी मोहिमेत विदर्भात घरोघरी दिली जाणारी डीईसी गोळीही सुब्बाराव यांच्याच चमूच्या संशोधनातून आली. त्यांना नोबेल मिळाले नाही. जन्मशताब्दीला, १९९५ मध्ये, भारताने त्यांच्या नावे टपाल तिकीट काढले.

फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांनी कर्करोग टळतो का?

आहारात फोलेट पुरेसे असेल तर डीएनएची बांधणी आणि दुरुस्ती नीट होते. त्यामुळे जास्तीच्या गोळ्यांनी मोठ्या आतड्याचा कर्करोग टाळता येईल, अशी आशा होती. ज्यांच्या आतड्यातील गाठी आधी काढल्या होत्या, अशा १,०२१ जणांवरील चाचणीचे निष्कर्ष २००७ मध्ये आले. रोज १ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड घेऊनही गाठी पुन्हा होण्याचे प्रमाण घटले नाही. उलट तीन किंवा त्याहून अधिक गाठी होण्याचे प्रमाण वाढलेले दिसले. २०१३ मध्ये सुमारे ५० हजार जणांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण झाले. त्यात कर्करोग लक्षणीयरीत्या वाढलाही नाही आणि कमीही झाला नाही.

मग कोणी काय करावे?

पालक, मेथी, मूग, हरभरा, चवळी यांतून फोलेट मिळते. भाजी फार शिजवली किंवा शिजवलेले पाणी फेकले, तर ते कमी होते. गर्भधारणेचे नियोजन करणाऱ्या महिलांनी आधीपासूनच रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यावे, अशी शिफारस आहे. बाळाच्या मेंदू व मज्जारज्जूचा पाया पहिल्या चार आठवड्यांतच घातला जातो. सरकारी कार्यक्रमातील गर्भवतींच्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. ती टाळू नये.

मात्र कर्करोगावर उपचार सुरू असताना ताकदीसाठी म्हणून परस्पर जीवनसत्त्वांच्या गोळ्या सुरू करू नयेत. काही उपचारांत डॉक्टर स्वतःच ठरावीक वेळी फॉलिक ॲसिड देतात, तर काहींत त्यामुळे औषधाचा परिणाम बिघडू शकतो. घरी घेत असलेली प्रत्येक गोळी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दाखवणे, हाच सुरक्षित मार्ग.