जोतीराव फुले

जोतीराव गोविंदराव फुले (११ एप्रिल १८२७ – २८ नोव्हेंबर १८९०) हे महाराष्ट्रातील समाजसुधारक, लेखक आणि सत्यशोधक समाजाचे संस्थापक होते. १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. शाळा काढण्याइतकाच ती चालवण्याच्या पैशाचा प्रश्नही त्यांना आयुष्यभर सतावत राहिला. चरित्रांमध्ये मात्र त्याची चर्चा कमी आढळते.

शेतकऱ्याकडून शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड वसूल केला जाई. त्यातील सुमारे दोन तृतीयांश रस्ते व इतर कामांकडे आणि एक तृतीयांश शाळांकडे जाई. पट्टी भरणाऱ्या कुणब्याची मुले बहुधा शेतातच राबत असल्याने या तिसऱ्या हिश्शाचा लाभही त्यांच्यापर्यंत क्वचितच पोहोचे. १८८२ मध्ये हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी या फंडाचा निम्मा भाग प्राथमिक शिक्षणासाठी राखून ठेवण्याची मागणी केली. मोठ्या शहरांच्या हद्दीतील प्राथमिक शाळांचा खर्च नगरपालिकांनी सोसावा, पण कारभार सर्वस्वी त्यांच्या हाती देऊ नये, तो शिक्षण खात्याच्या देखरेखीखाली असावा, असे त्यांनी सुचवले. निदान बाराव्या वर्षापर्यंतचे शिक्षण सक्तीचे करण्याची मागणीही त्यात होती.

नगरपालिकांवरील हा अविश्वास अनुभवातून आलेला असावा. १८७६ पासून काही वर्षे ते पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा ठराव आला, तेव्हा बत्तीस सभासदांपैकी एकट्या जोतीरावांनी विरोधी मत दिले. करदात्यांचा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा, असे त्यांचे म्हणणे होते. नियुक्त सभासदाने सरकारच्या पाहुण्याविरुद्ध मत देणे त्या काळी सोपे नव्हते. ठराव अर्थातच संमत झाला.

शहरात मोठी मंडई बांधण्यासही त्यांनी याच कारणावरून विरोध केला. तरीही इमारत उभी राहिली आणि १८८६ मध्ये गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने सुरू झाली.

११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवी कोळीवाड्यातील सभेत त्यांना महात्मा ही पदवी देण्यात आली. पुण्यात त्यांचे निधन झाले. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने नगरपालिकेने रे मार्केटचे नाव बदलले; जिच्या खर्चाला जोतीरावांनी हरकत घेतली होती, ती इमारत आता महात्मा फुले मंडई म्हणून ओळखली जाते.