वर्ध्याच्या क्रांतिकारकाने मेक्सिकोत मक्याची त्याच्या रानातल्या नातलगाशी सोयरीक जुळवली

सातारा-सांगली पट्ट्यात दुधाचा धंदा करणाऱ्या कुठल्याही घरी जा आणि विचारा, मका कशाला लावता? बरेच जण सांगतील, मुरघासासाठी. हिरवा मका कापायचा, कुट्टी करायची, बॅगेत दाबून भरायची आणि हवाबंद करून ठेवायची. उन्हाळ्यात वैरणीची चिंता मिटते.

वैरणीच्या पिकांमध्ये मक्याच्या शेजारी आणखी एक नाव येतं, मकचरी. दिसायला अगदी मक्याची धाकटी बहीण. पण एका बुडाला भरपूर फुटवे आणि कणीस म्हणावं असं जवळपास काहीच नाही. एका ओळीत पाच-दहा दाणे, तेही दगडासारख्या टणक कवचात बंद. माणसाने खायचं म्हटलं तर दात पडायचे.

ही मकचरी ज्या कुळातली आहे त्याला मेक्सिकोत तेओसिंते म्हणतात. याच कुळातल्या एका रानगवतापासून जगभरातला सगळा मका तयार झाला. पॉपकॉर्न, कॉर्नफ्लेक्स, कोंबड्यांचं खाद्य आणि पावसाळ्यात गाडीवर भाजून मिळणारं कणीस, सगळ्यांचा मूळपुरुष एकच.

आणि या गवताचं आणि मक्याचं पुन्हा जमवून नवं वाण काढायला निघालेला एक माणूस आपल्या वर्ध्याचा होता. इंग्रज सरकारच्या काळ्या यादीतला क्रांतिकारक, पांडुरंग सदाशिव खानखोजे.

दुष्काळ बघितलेला पोरगा

खानखोजेंचा जन्म १८८४ चा, वर्ध्यातला. शिक्षण वर्धा आणि नागपूरला. ते शाळकरी वयात असताना मध्य प्रांतावर लागोपाठ दोन मोठे दुष्काळ आले, एक १८९६-९७ चा आणि दुसरा १८९९-१९०० चा. गावंच्या गावं ओस पडली. त्या पिढीच्या पोरांना उपासमार म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

त्याच काळात देशात लोकमान्य टिळकांचं नाव गाजत होतं. खानखोजे त्या विचारांनी भारावले. इंग्रजांना घालवायचं तर हत्यार चालवता आलं पाहिजे, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. १९०६ च्या सुमारास त्यांनी घर सोडलं. आधी जपान आणि तिथून अमेरिका.

कॅलिफोर्नियात त्यांनी सान राफाएल इथल्या माउंट तमालपाइस या लष्करी अकादमीत प्रवेश मिळवला. पैसे नव्हतेच, त्यामुळे मिळेल ते काम करत शिक्षण सुरू होतं. लष्करी शिक्षण झाल्यावर ते शेतीकडे वळले. ऑरेगन आणि वॉशिंग्टन राज्यातल्या कृषी कॉलेजांत शिकले.

बंदूक आणि नांगर हे दोन विषय एकाच माणसाने का घ्यावेत, असा प्रश्न पडू शकतो. पण खानखोजेंच्या हिशोबात ते वेगळे नव्हते. इंग्रज गेल्यावरही शेतकऱ्याच्या घरात धान्य नसेल तर त्या स्वातंत्र्याचा उपयोग काय?

गदर, इराण आणि पळापळ

१९१३ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गदर पार्टी उभी राहिली. लाकडाच्या गिरण्यांत आणि शेतांवर राबणारे पंजाबी मजूर हा तिचा कणा होता. सोहनसिंग भकना, लाला हरदयाळ यांच्याबरोबर खानखोजे सुरुवातीपासून या कामात होते. पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे हेही याच वर्तुळातले. पिंगळे भारतात परतले, पकडले गेले आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभा यांच्याबरोबर फाशी गेले.

खानखोजेंनी दुसरी वाट धरली. पहिल्या महायुद्धात ते तुर्कस्तानमार्गे इराणमध्ये शिरले. तिथल्या टोळ्यांना सोबत घेऊन इंग्रजांच्या फौजेशी लढायचं आणि जमलं तर बलुचिस्तानातून भारतात घुसायचं, असा बेत होता. तो फसला. खानखोजे जखमी झाले, पकडले गेले आणि निसटले.

युद्ध संपलं तेव्हा त्यांच्याकडे देश नव्हता, पासपोर्ट नव्हता आणि परत जायची सोय नव्हती. भारतात पाऊल ठेवलं असतं तर फासच होता. काही वर्षं बर्लिनमध्ये काढली, मधे मॉस्कोची वारी झाली आणि १९२४ मध्ये ते मेक्सिकोत पोहोचले. वय चाळीस.

चापिंगोचे प्राध्यापक

मेक्सिको तेव्हा नुकता क्रांतीतून बाहेर पडला होता. मोठ्या जमीनदारांच्या जमिनी काढून गरीब शेतकऱ्यांना वाटायचं काम सुरू होतं. पण जमीन मिळाली म्हणून पीक येत नाही. बियाणं लागतं, खत लागतं, माहिती लागते. नव्या सरकारला शेती शिकवणारी माणसं हवी होती आणि खानखोजेंकडे नेमकी तीच विद्या होती.

मेक्सिको सिटीजवळच्या चापिंगो इथल्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते शिकवायला लागले. याच विद्यालयाच्या भिंतींवर त्या वेळी जगप्रसिद्ध चित्रकार दिएगो रिव्हेरा चित्रं रंगवत होता. दोघांची ओळख झाली.

मग खानखोजेंनी मुक्त कृषी शाळांचं काम हाती घेतलं. कॉलेजची पायरी न चढलेल्या शेतकऱ्याला त्याच्याच गावात, त्याच्याच रानात शिकवायचं, अशी ही कल्पना. रिव्हेराने या शाळांना पाठबळ दिलं. इटलीत जन्मलेली फोटोग्राफर तीना मोदोत्ती हिने या शाळांचे आणि खानखोजेंच्या मक्याच्या प्रयोगांचे फोटो काढले.

मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत रिव्हेराचं एक भित्तिचित्र आहे. नाव आहे 'आमची भाकरी'. त्यात टेबलाच्या मधोमध बसून सगळ्यांना भाकरी मोडून देणारा जो माणूस दिसतो, तो खानखोजेंवरून काढला आहे असं मानलं जातं.

मका आणि गवताची सोयरीक

आता मूळ मुद्दा. खानखोजे मक्याचं नेमकं काय करत होते?

मेक्सिको हे मक्याचं माहेर. तिथल्या बाल्सास नदीच्या खोऱ्यात साधारण ९,००० वर्षांपूर्वी लोकांनी तेओसिंतेच्या झाडांतून बरी झाडं निवडायला सुरुवात केली. कवच थोडं मऊ असलेलं, दाणे जरा जास्त असलेलं झाड दिसलं की त्याचंच बी पुढच्या वर्षी पेरायचं. शेकडो पिढ्या हे चाललं आणि गवताचं कणीस झालं.

पण या निवडीत एक तोटा असतो. शेतकरी दरवेळी मोजक्या झाडांचं बी ठेवतो, म्हणजे बाकीच्या झाडांतले गुण मागे राहतात. दाणा मोठा होतो, पण रोगाशी झुंजायची, कमी पाण्यात तगायची, थंडी सोसायची ताकद हळूहळू निसटत जाते. रानातल्या गवताला मात्र कोणी फवारणी करत नाही की पाणी देत नाही. जे तगलं तेच उरलं. त्यामुळे पिकाने गमावलेले कितीतरी गुण त्याच्या रानातल्या नातलगाकडे शिल्लक असतात.

मका आणि तेओसिंते यांचं रक्ताचं नातं इतकं जवळचं आहे की दोघांचा संकर होतो आणि पुढे त्यालाही बी धरतं. खानखोजेंनी हाच धागा पकडला. मका आणि तेओसिंते यांच्या संकरातून त्यांनी जे वाण काढलं ते 'तेओ-माईझ' नावाने ओळखलं गेलं. १९३० मध्ये मक्याच्या नव्या वाणांवरची त्यांची पुस्तिका मोदोत्तीच्या फोटोंसह प्रसिद्ध झाली. १९३६ मध्ये त्यांनी 'ग्रनादा' मक्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. ग्रनादा म्हणजे स्पॅनिशमध्ये डाळिंब. या मक्याचं कणीस एकसंध नसून हाताच्या बोटांसारखं फुटलेलं असायचं. मक्याबरोबरच गव्हाच्या काटक वाणांवरही त्यांचं काम सुरू होतं.

हे सगळं किती आधीचं होतं ते बघा. मक्याचा पूर्वज तेओसिंतेच आहे, यावर तेव्हा शास्त्रज्ञांचंही एकमत नव्हतं. १९३० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत यावरून जोरदार वाद पेटला. एका गटाचं म्हणणं होतं की तेओसिंते हा पूर्वज नाही, तोच मुळात मक्याच्या संकरातून जन्मला आहे. जॉर्ज बीडल या शास्त्रज्ञाने विरुद्ध बाजू लावून धरली. पुढे १९७० च्या दशकात त्याने दोघांच्या संकराची सुमारे ५०,००० झाडं लावून पाहिली. त्यात साधारण ५०० झाडांमागे एक अस्सल मक्यासारखं आणि एक अस्सल तेओसिंतेसारखं निघालं. अर्थ असा की गवत आणि मका यांच्यातला मोठा फरक मोजक्या चार-पाच जनुकांवर पेललेला आहे. २००२ मध्ये डीएनए तपासणीतून बाल्सास खोऱ्याचं नाव पुढे आलं आणि वाद मिटला.

घरी परतले, पण उशिरा

१९३६ मध्ये खानखोजेंनी जॅन सिंदिक या बेल्जियन तरुणीशी लग्न केलं. सावित्री आणि माया या दोन मुली झाल्या. संसार मेक्सिकोत, मन मात्र नागपूर-वर्ध्यात.

१९४७ ला देश स्वतंत्र झाला. ज्यासाठी घर सोडलं होतं ते झालं होतं. पण परत येणं सोपं नव्हतं. इंग्रज गेले तरी त्यांच्या काळ्या यादीतलं खानखोजेंचं नाव पुसलं गेलं नव्हतं. १९४९ मध्ये तेव्हाच्या मध्य प्रांत सरकारने शेतीविषयक सल्ल्यासाठी बोलावल्यावर ते भारतात आले. चार दशकांहून जास्त काळ लोटला होता. पुढे १९५० च्या दशकात ते नागपुरात कायमचे स्थायिक झाले.

इथे गोष्ट जरा कडू होते. मेक्सिकोत ज्या चापिंगोत खानखोजे शिकवत होते, तिथेच १९४३ पासून अमेरिकेच्या रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशांवर मोठा शेती कार्यक्रम उभा राहिला. १९४४ मध्ये त्यात नॉर्मन बोरलॉग दाखल झाले. त्यांच्या बुटक्या गव्हाचं १८,००० टन बियाणं १९६६ मध्ये मेक्सिकोतून भारतात आलं आणि हरित क्रांतीची सुरुवात झाली. त्या वेळी मेक्सिकोची शेती जवळून ओळखणारा एक म्हातारा मराठी शास्त्रज्ञ नागपुरात राहत होता. १९६७ च्या जानेवारीत खानखोजे गेले. हरित क्रांतीच्या गोष्टीत त्यांचं नाव क्वचितच येतं.

मग शिराळ्याच्या भाताचा काय संबंध?

खानखोजे ज्या वाटेने गेले, ती किती महत्त्वाची होती ते त्यांच्या मृत्यूनंतर दोनदा दिसलं.

पहिल्यांदा मक्यात. १९७० मध्ये अमेरिकेत मक्यावर करपा आला. देशभर एकाच आईचं संकरित बियाणं पसरलेलं होतं, त्यामुळे एक रोग सगळ्यांना लागू पडला. त्या वर्षी सुमारे १५ टक्के पीक गेलं.

दुसऱ्यांदा भातात. त्याच सुमारास आशियात भाताची वाढ खुंटवणारा एक विषाणू पसरला होता. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने सहा हजारांहून जास्त नमुने तपासले. विषाणूला दाद न देणारा फक्त एक सापडला, तो उत्तर प्रदेशातून आलेला रानभात होता. त्याचा गुण घेऊन १९७६ मध्ये आयआर-३६ हे वाण आलं आणि आशियातल्या लाखो शेतकऱ्यांनी ते लावलं.

आपल्याकडे पाटण, जावळी, महाबळेश्वर आणि शिराळ्याच्या पावसाळी पट्ट्यात भात होतो. आज मिळणारा इंद्रायणी तांदूळ हा वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राचा. १९८७ मध्ये आलेलं हे वाण जुन्या आंबेमोहोराचा आयआर-८ शी संकर करून तयार झालं. आंबेमोहोर कोणी जपलाच नसता तर इंद्रायणीला तो वास कुठून आला असता?

रानातल्या भाताचीही तीच गोष्ट. डबक्यांच्या आणि ओहोळांच्या काठी आपोआप उगवणाऱ्या रानभाताला मराठीत देवभात म्हणतात. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं धान्य खायचं नसतं, तेव्हा देवभाताला मान मिळतो. एरवी ते तण म्हणून उपटलं जातं. डबकी बुजली, ओहोळांवर भराव पडला की ते गपगुमान नाहीसं होतं. पुढच्या रोगावरचा इलाज त्यातच होता का, हे मग कधी कळतच नाही.

मेक्सिकोने या बाबतीत एक पाऊल उचललं. १९७० च्या दशकात हालिस्को राज्यातल्या मनांतलान डोंगररांगेत तेओसिंतेची एक दुर्मिळ, वर्षानुवर्षं जगणारी जात सापडली. मक्याच्या अनेक विषाणूजन्य रोगांना ती दाद देत नाही असं दिसलं. १९८७ मध्ये तो सगळा डोंगरच राखीव केला गेला. एका गवतामुळे.

आणि खानखोजे? सप्टेंबर २०२२ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते चापिंगोच्या कृषी विद्यापीठात त्यांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. मेक्सिकोच्या शेतकऱ्यांना मक्याचं नवं वाण देणारा वर्ध्याचा हा माणूस आता तिथे कायमचा उभा आहे. सांगली-साताऱ्याच्या गोठ्यात मकचरीची पेंढी पडेल तेव्हा त्याची आठवण काढायला हरकत नाही.