श्रीमंत सरफोजीराजे भोसले : तंजावरचा धर्म-विद्या वारसा

निद्रिस्त श्रीहनुमंताच्या वास्तव्याने पुनीत झालेल्या जामसांवली परिसरास भोसले हे नाव परके नाही. सौंसर-पांढुर्ण्याचा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. त्याच आडनावाचे दुसरे घराणे शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजीराजे यांनी कावेरीकाठी तंजावरास स्थापिले. त्या घराण्याचे भूषण म्हणजे श्रीमंत सरफोजीराजे होत.

त्यांचा जन्म १७७७ साली झाला. १७८७ मध्ये तुळजाराजांनी त्यांना दत्तक घेतले. परंतु दत्तकपित्याच्या निधनानंतर गादी अमरसिंहांकडे गेली. श्वार्ट्झ या मिशनरी गृहस्थांनी बालराजांच्या शिक्षणाचा भार वाहिला. १७९८ मध्ये राज्याभिषेक झाला खरा, पण पुढील वर्षीच्या तहाने राज्यकारभार कंपनी सरकारकडे गेला. राजांकडे तंजावरचा किल्ला, वार्षिक एक लक्ष होन आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले.

सत्ता गेली म्हणून राजे खचले नाहीत. जे हाती उरले ते त्यांनी विद्या व धर्म यांस वाहिले. सरस्वती महालात संस्कृत, तमिळ, तेलुगू व मराठी ग्रंथांचा अमोल संग्रह केला. देवनागरी मुद्रणालय चालविले. धन्वंतरी महालात औषधींचे संशोधन करविले. ओरत्तनाडू येथील छत्रात यात्रेकरूंना अन्न व निवारा मिळे. १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या मंदिरात त्यांनी भोसले वंशाचा इतिहास मराठीत शिलांकित करविला. १८३२ मध्ये ते कैलासवासी झाले.

१८५५ मध्ये पुत्र शिवाजीराजे निपुत्रिक वारले आणि कंपनीने राज्याबरोबर खाजगी मालमत्ताही जप्त केली. राणी कामाक्षीबाईसाहेबांनी न्यायालयात दाद मागितली; १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने ती फेटाळली. पुढे १८६२ मध्ये सरकारने खाजगी इस्टेट राण्यांना परत दिली. १९१८ मध्ये सरस्वती महाल सर्वांसाठी खुला झाला. बृहदीश्वरासह ८८ देवस्थानांचे वंशपरंपरागत विश्वस्तपद मात्र आजही याच घराण्याकडे आहे.

राज्य तहाने गेले, जमिनीसाठी झगडावे लागले. टिकून राहिली ती देवाची सेवा आणि लोकांना दिलेली विद्या. देवस्थानाचे महाजनपण हा भोगावयाचा हक्क नसून पुढील पिढीच्या हाती सोपवावयाची ठेव आहे, हीच शिकवण या चरित्रातून मिळते.