भाषांचे गोत शोधणारे न्यायमूर्ती : सर विल्यम जोन्स

दोन भाषांत पुष्कळ शब्द सारखे आढळले की त्या एकमेकींच्या बहिणी असणार, असे आपण सहज धरून चालतो. ग्रीक आणि ख्मेर या दोन भाषा संस्कृतशेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे हा समज किती फसवा आहे ते कळते. कंबोडियाच्या ख्मेर भाषेत गुरू, नगर, भाषा हे शब्द थोड्या बदललेल्या उच्चाराने आजही नांदतात. तिची लिपीसुद्धा दक्षिण भारतातल्या जुन्या लिपीवरून घडली. ग्रीकमध्ये संस्कृतातून घेतलेले शब्द फार थोडे. तरीही संस्कृतची सख्खी नातलग ठरली ती ग्रीक, ख्मेर नव्हे. हा निवाडा ज्या रीतीने होतो, ती ज्यांच्या एका व्याख्यानामुळे जगभर गाजली, त्या सर विल्यम जोन्स यांची ओळख मी येथे करून देत आहे.

जोन्स यांचा जन्म 1746 साली लंडनमध्ये झाला. वडील मोठे गणिती. वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांच्या गुणोत्तरासाठी आपण जे ‘पाय’ हे ग्रीक अक्षर वापरतो, ते त्या अर्थाने प्रथम त्यांनीच 1706 मध्ये वापरले. पण मुलगा तीन वर्षांचा होण्याआधीच ते वारले आणि त्याला घडविण्याचा भार विधवा आईवर पडला. मुलाने काही विचारले की ती त्याला पुस्तकाकडे वळवी. हॅरोच्या शाळेत आणि पुढे ऑक्सफर्डला त्यांनी ग्रीक, लॅटिन, अरबी, फारसी अशा भाषा आत्मसात केल्या. पैशांची ओढाताण होतीच. म्हणून एका उमराव घराण्यातील मुलाची शिकवणी धरली. 1771 मध्ये त्यांचे फारसी व्याकरण प्रसिद्ध झाले आणि विद्वानांत नाव झाले. पण भाषांवर पोट भरेना, म्हणून ते कायदा शिकून वकील झाले.

1783 मध्ये कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश म्हणून ते हिंदुस्थानात आले. चांगल्या पगारातून शिल्लक टाकून मायदेशी परतावे, असा त्यांचा बेत होता. पण जानेवारी 1784 मध्येच त्यांनी एशियाटिक सोसायटी स्थापन केली. हिंदूंच्या खटल्यांत धर्मशास्त्राचा अर्थ पंडित सांगतील तोच मानावा लागे. ते जोन्स यांना पटेना. मूळ ग्रंथ स्वतः वाचता यावेत म्हणून 1785 मध्ये ते संस्कृतकडे वळले. परकीयाला शिकवायला ब्राह्मण पंडित राजी नव्हते. अखेर नदियाचे रामलोचन हे वैद्य जातीचे पंडित त्यांना शिकवू लागले. राज्यकर्त्यांचा न्यायाधीश विद्यार्थी झाला आणि जित प्रजेतला एक माणूस त्याचा गुरू! जोन्स यांचे नाव जगभर झाले. रामलोचन यांचे नाव मात्र जोन्स यांच्या चरित्रापुरतेच उरले.

2 फेब्रुवारी 1786 रोजी सोसायटीच्या वार्षिक व्याख्यानात जोन्स यांनी सांगितले, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातील साम्य योगायोगाचे नाही. त्या तिघी एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात आणि ती मूळ भाषा कदाचित आज उरलेली नसेल. साम्य त्यांच्याआधीही काही युरोपीयांना दिसले होते. पण जोन्स यांचा भर धातूंवर आणि व्याकरणाच्या रूपांवर होता. संस्कृतात ‘ददामि’, ग्रीकमध्ये ‘दिदोमि’. इकडे ‘अस्ति’, तिकडे ‘एस्ति’. इकडे ‘दश’, तिकडे ‘देका’. शब्द उसना मिळतो, पण क्रियापद चालवण्याची अख्खी तऱ्हा कोणी सहसा उसनी आणीत नाही.

याच काट्यावर ख्मेर तोलून पाहावी. तिचे क्रियापद पुरुष किंवा वचन यांप्रमाणे बदलत नाही. तिचे आकडेही निराळे. सहा म्हणायचे तर ‘पाच-एक’ म्हणायचे, अशी तिची घरची रीत. संस्कृत शब्द तिच्या अंगावरचे दागिने आहेत. हाडे तिची स्वतःची आहेत.

मला हे चरित्र जवळचे वाटते, त्याला कारण आहे. मी मेळघाटातला. कॉलेजची पायरी चढणारा आमच्या घरातला पहिलाच. घरी आम्ही कोरकू बोलतो. तिच्यात मराठी-हिंदीचे शब्द पुष्कळ आहेत, म्हणून ती मोडकी मराठी आहे, असे मी अनेकदा ऐकले आहे. पण आमचे तीन आणि चार म्हणजे ‘अफइ’ आणि ‘उफुन’. ख्मेरमध्ये ते ‘बेइ’ आणि ‘बुओन’. 1906 च्या सुमारास विल्हेल्म श्मिट यांनी मुंडा भाषा आणि मोन-ख्मेर भाषा यांचे एक कूळ मांडले. त्याला ऑस्ट्रो-आशियाई असे नाव मिळाले. कोरकू ही मुंडा शाखेतली. म्हणजे अमरावती जिल्ह्यात एकाच एस. टी. त शेजारी बसलेल्या दोघांपैकी एकाची भाषा ग्रीकच्या गोतातली, तर दुसऱ्याची अंकोर वाट बांधणाऱ्यांच्या भाषेच्या गोतातली असू शकते. यात कोणी उच्च, कोणी नीच नाही. पण कोरकू ही कोणाची बिघडलेली लेक नव्हे, एवढे यावरून ठरते.

जोन्स यांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. त्याच व्याख्यानात इजिप्शियन, चिनी आणि जपानी लोकांनाही त्यांनी हिंदूंशी एकाच उगमाने जोडले. ते टिकले नाही. त्यांच्या सोसायटीत हिंदी माणसाला सभासद व्हायला 1829 साल उजाडावे लागले.

1789 मध्ये त्यांचे शाकुंतलाचे भाषांतर आणि 1794 मध्ये मनुस्मृतीचे भाषांतर प्रसिद्ध झाले. प्रकृती ढासळल्याने पत्नी आधीच इंग्लंडला परतली होती. हाती घेतलेला धर्मशास्त्राचा संग्रह पुरा करण्यासाठी जोन्स मागे राहिले, आणि 27 एप्रिल 1794 रोजी, वयाच्या 47 व्या वर्षी, कलकत्त्यातच वारले. तेथील पार्क स्ट्रीटच्या जुन्या दफनभूमीत त्यांची समाधी आहे. तो संग्रह पुढे कोलब्रुक यांनी पुरा केला. मेळघाटातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडची कोरकू मात्र अजून पुरती लिहून व्हायची आहे. ते काम आमच्यापैकी कोणीतरी करायला हवे.