लोखंडी नांगर आणि बेळगावचे लक्ष्मणराव

आपल्या भागाच्या इतिहासात किल्ले, स्वाऱ्या आणि तह यांना तोटा नाही. बेळगावचा किल्ला कोणी घेतला आणि कोणी सोडला हे आम्ही शाळेत पाठ केले आहे. कर्नाटकाच्या या उत्तर टोकावर राहणाऱ्याला सीमाप्रश्न मात्र पाठ न करताही येतो. पण या मुलुखातली माणसे सायकलवर बसायला कुठे शिकली, जनावरे कडब्याची निम्मी धांडे का टाकून देत, लोखंडाच्या नांगराला शेतकरी का भ्याला, हा इतिहास आम्हाला कधी नेमलेला नव्हता. कॉमर्सला आल्यावर वाचनालयात मला तो एका माणसाच्या चरित्रात सापडला. तो माणूस म्हणजे लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर.

२० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर या गावी त्यांचा जन्म झाला. गाव सौंदत्तीकडचे, आजूबाजूची बोली सगळी कानडी. गंमत अशी की मराठी संगीत रंगभूमीचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. कानडी मुलुखातल्या एका खेड्याने मराठीला संगीत नाटकही दिले आणि कारखानदारही दिला, हे आपल्या दोन्ही विभागांच्या वाचकांनी ध्यानात घ्यावे.

लक्ष्मणरावांना शाळेच्या पुस्तकांपेक्षा यंत्रांचा आणि चित्रांचा नाद अधिक. वडील वेदान्ताचे व्यासंगी. मुलाचे हे वेड त्यांना कसे रुचावे? थोरले बंधू रामचंद्रपंत, म्हणजे रामूअण्णा, पाठीशी उभे राहिले. १८८५ च्या सुमारास लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकू लागले. दोनएक वर्षांनी ध्यानात आले की आपल्याला काही रंगांतला फरक कळतच नाही. चित्रकाराला याहून मोठी आपत्ती कोणती? त्यांनी रंग सोडले, रेघा धरल्या. यंत्रांच्या आराखड्यांना रंग लागत नाही. ते यांत्रिक रेखाटन शिकले आणि मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्याच विषयाचे साहाय्यक शिक्षक झाले.

सायकलचे प्रकरण या मुंबईच्या दिवसांतले. त्या काळी सायकल ही साहेबाची नाहीतर श्रीमंताची चैन होती. लक्ष्मणरावांनी ती पाहिली आणि तिच्यात धंदा ओळखला. त्यांनी मुंबईहून सायकली पाठवायच्या आणि रामूअण्णांनी बेळगावात त्या विकायच्या, अशी भावाभावांची व्यवस्था ठरली. पुढच्या किर्लोस्कर उद्योगांचा आरंभ १८८८ च्या या बेळगावच्या दुकानापासून धरतात. रामूअण्णा गिऱ्हाइकाला नुसती सायकल देऊन मोकळे होत नसत, ती चालवायलाही शिकवत आणि त्याचे वेगळे पंधरा रुपये घेत. आम्हाला ‘विक्रीनंतरची सेवा’ या विषयावर टिपण लिहायला सांगतात तेव्हा मला बेळगावच्या रस्त्यावर एखाद्या वकीलसाहेबांची सायकल मागून धरून धावणारे रामूअण्णा दिसतात. (वकीलसाहेब माझ्या कल्पनेतले; पंधरा रुपये खरे.)

मुंबईच्या नोकरीत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला मिळाली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावास आले. शर्टाची बटणे, औषधाच्या गोळ्यांसाठी कागदी डब्या, असल्या बारीकसारीक वस्तू त्यांनी करून पाहिल्या. मग कडबा कापण्याचे यंत्र केले. अख्खा कडबा पुढे टाकला तर बैल पाला तेवढा खातो आणि जाड धांडे पायाखाली तुडवतो. तोच बारीक कापून दिला की गव्हाणीत काही उरत नाही. गवत विकत घेणाऱ्याला हा हिशेब चटकन पटतो, म्हणून हे यंत्र खपले.

नांगराची गोष्ट निराळी. आमच्याकडे निपाणीच्या बाजूला, जिथे कानडी आणि मराठी शेताचा बांध एकच असतो, नांगराला कोणी नांगर म्हणते, कोणी नेगिलु. दोन्ही नावांचा जुना नांगर लाकडाचाच. तो जमीन उकरतो, पण माती पालथी घालत नाही; काळ्या रानातली हरळी आणि कुंदा खाली तशीच जिवंत राहते. लोखंडी नांगराला बाजूला वळणदार पंख असतो. तो मातीचा थर कापून उलटा टाकतो, मुळे उन्हाला उघडी पडून वाळतात. लक्ष्मणराव परदेशी यंत्रांची मासिके आणि कॅटलॉग बारकाईने वाचत. त्यांनी आपल्या जमिनीला आणि बैलांना झेपेल असा बिडाचा नांगर बेळगावात तयार केला, आणि तो कोणी घेईना.

लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. आज आपण हसतो. पण लाकडी नांगराचा फाळ तरी कशाचा होता? लोखंडाचाच! पिढ्यान्‌पिढ्या जमिनीत लोखंडच जात होते. तेव्हा ही भीती लोखंडाची नसावी, नव्या आकाराची असावी, असे मला वाटते. त्यात शेतकऱ्याला अगदी मूर्खात काढणेही बरोबर नाही. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार बलुत्यावर दुरुस्त करून देई. बिडाचा भाग तुटला तर जायचे कुणाकडे? नवी वस्तू फसली तर कारखानदाराचा एक नांगर जातो, शेतकऱ्याचे सबंध वर्ष जाते. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली. आमच्या अकौंटन्सीत न विकलेला माल ‘चालू मालमत्ता’ या सदराखाली दाखवतात. ही मालमत्ता दोन वर्षे जागची हलली नाही. भांडवल अडकलेले, कामगारांचे पगार चालू, अशा स्थितीत दुसरा कोणी असता तर पुन्हा बटणांकडे वळला असता.

नांगर खपू लागला तसे दुसरे संकट आले. वस्ती वाढवण्यासाठी बेळगावच्या नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी झाली. ज्या गावात सगळा खटाटोप केला तिथेच पाय ठेवायला जागा उरेना. त्या सुमारास औंधच्या राजेसाहेबांसाठी लक्ष्मणरावांनी बांधकाम केले होते. बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार आणि गुणांची पारख असलेले. त्यांनी कर्ज दिले आणि कुंडल रोड स्टेशनाजवळचा ३२ एकर माळ दिला. माळावर निवडुंग आणि साप. १० मार्च १९१० रोजी तिथे किर्लोस्करवाडीचा आरंभ झाला. पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबे घेऊन या भावांनी तो माळ साफ केला. घरे, पाणी, साफसफाई हा सगळा संसार रामूअण्णांनी सांभाळला. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, असा लक्ष्मणरावांचा दंडक होता. १९१० साली, संस्थानी मुलखात, ही साधी गोष्ट नव्हती.

पहिल्या महायुद्धात विलायती लोखंड येईनासे झाले. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी आपल्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या आणि त्यांचे नांगर झाले. ज्या लोखंडाने एके काळी माणसे मारली, त्याने हरळी मारली.

पुढचा विस्तार मोठा आहे, तो इथे सगळा सांगत नाही. १९२० साली मर्यादित कंपनी झाली. त्याच साली पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढले. कारखान्याच्या त्या पत्रकातूनच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक उभे राहिले. उसाचे चरक आले, मग पंप आले. १९४१ साली हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर निघाली. ती आता राहिलेली नाही. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत जमावाने किर्लोस्करवाडीचा कारखाना जाळला. लक्ष्मणरावांचे वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. कारखाना पुन्हा उभा राहिला.

सौंदत्तीकडचा माझा एक मित्र कानडी माध्यमातून आला आहे. त्याचे म्हणणे, लक्ष्मणराव आमच्या तालुक्यातले, तेव्हा ते आमचे. मी म्हणतो, त्यांचे चरित्र आणि मासिक मराठीत, तेव्हा ते आमचे. मेसच्या टेबलावर हा वाद आमच्यात पुष्कळदा झाला आहे आणि आमटी गार झाली आहे. वाद घालताना दोघेही एक गोष्ट सोयीने विसरतो की नांगर न घेणाऱ्यांत त्याचेही पूर्वज होते आणि माझेही. शिवाय जागा सोडावी लागली ती बेळगावची, आणि बेळगाव तर आम्हा दोघांचेही. आज उद्यमबागेत ओतकामाचे कारखाने दिसतात. तरीही आमच्या वर्गातले निम्मे लोक बी.कॉम. झाल्यावर पुण्याची गाडी धरायच्या विचारात आहेत. ती गाडी किर्लोस्करवाडीवरूनच जाते. कुंडल रोड हे स्टेशनाचे नाव केव्हाच मागे पडले.

बेळगावात त्यांचे दुकान होते तो रस्ता आजही किर्लोस्कर रोड म्हणूनच ओळखला जातो. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव वारले. त्यानंतर छत्तीस दिवसांनी, १ नोव्हेंबरला, बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. गुर्लहोसूर एका राज्यात राहिले, किर्लोस्करवाडी दुसऱ्या, आणि दोन्हीकडे त्या साली रब्बीसाठी रान नांगरून झाले होते.