मिठाच्या मैदानावरचा म्हातारा

जुन्या मोटारसायकली शोधून काढून त्या पुन्हा चालत्या करणाऱ्या शौकिनांचा एक ठाम नियम असतो. गाडी कारखान्यातून ज्या रूपात बाहेर पडली, त्याच रूपात ती पुन्हा उभी राहिली पाहिजे. रंग तोच, नट-बोल्ट त्याच घडणीचे, इंजिनावरचा नंबर कागदपत्रांशी जुळणारा. एका कार्ब्युरेटरसाठी ही मंडळी वर्षानुवर्षे भंगारवाल्यांचे उंबरठे झिजवतात. पण शर्यतीच्या गाडीपाशी हा नियम अडखळतो. शर्यतीची गाडी तिच्या मालकाने सारखी बदललेली असते. मग तिला नेमके कोणत्या दिवसाचे रूप परत द्यायचे? हा प्रश्न ज्या गाडीपुढे अगदी निरुत्तर होतो, त्या गाडीची आणि तिच्या मालकाची ही हकिगत आहे. मालकाचे नाव बर्ट मन्रो. त्यांच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका अमेरिकन मासिकाने एका अक्षराची चूक केली, तेव्हा मासिकाला दोष देण्याऐवजी त्यांनी आपले स्पेलिंगच बदलून टाकले. आपल्या देवनागरीत मात्र दोन्ही नावे सारखीच!

मन्रो यांचा जन्म २५ मार्च १८९९ रोजी न्यूझीलंडमधील इन्व्हरकार्गिल येथे झाला. हे गाव त्या देशाच्या दक्षिण बेटाच्या अगदी टोकाला आहे. त्यांच्यासोबत जन्मलेली जुळी बहीण जगली नाही, आणि हे मूलही दोन वर्षांपलीकडे जगणार नाही असे डॉक्टरांनी सांगितले होते. घरची शेती होती. शेतावरचा सर्वांत चपळ घोडा दामटण्याची खोड या मुलाला लहानपणीच लागली आणि वडिलांना ती मुळीच आवडत नसे. पुढे काही काळ ओटिरा येथील रेल्वेच्या बोगद्यावर त्यांनी मजुरी केली, मग पुन्हा शेती. क्लाइनो कंपनीची एक मोटारसायकल घेऊन, तिचा साइडकार काढून टाकून, ते गावोगावच्या शर्यतींत उतरू लागले.

१९२० साली त्यांनी इंडियन स्काउट ही गाडी विकत घेतली. नावावरून आपला समज होईल, पण या गाडीचा भारताशी काहीही संबंध नाही. अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे इंडियन नावाचा कारखाना होता आणि तेथील मूळ आदिवासी लोकांवरून हे नाव घेतलेले होते. स्काउट हे त्या कारखान्याचे तेव्हाचे अगदी नवे मॉडेल. सहाशे सीसीचे, दोन सिलिंडरांचे इंजिन आणि ताशी पंचावन्न मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर, हा कमाल वेग. इंजिनाचा नंबर होता ५०आर६२७. त्या काळच्या रस्त्यांवर एवढा वेग कोणालाही पुरला असता. मन्रो यांना तो पुरला नाही. १९२६ पासून त्यांनी गाडीत फेरफार करायला सुरुवात केली आणि हे काम पुढे चार दशकांहून अधिक काळ चालले.

मधल्या काळात ते ऑस्ट्रेलियात जाऊन पैशांसाठी शर्यती खेळले. जागतिक मंदी आली तेव्हा घरच्या शेतीसाठी परतले आणि नंतर मोटारसायकल विक्रेता व मेकॅनिक म्हणून नोकरी करू लागले. दिवसा दुकान आणि रात्री स्वतःची गाडी. झोप जेवढी मिळेल तेवढी.

आता ते काम कसे करीत हे सांगायला हवे, कारण खरी गंमत तेथेच आहे. विकतचे सुटे भाग आणण्याइतका पैसा त्यांच्याकडे नव्हता, आणि त्यांना हवे होते तसे भाग कोठे मिळतही नव्हते. म्हणून त्यांनी ते घरी घडवले. जुन्या डब्यांचे साचे करून त्यांत धातू ओतून पिस्टन बनवले. सिलिंडरसाठी जुने बिडाचे नळ वापरले. कनेक्टिंग रॉड ट्रॅक्टरच्या एका जुन्या अ‍ॅक्सलमधून कापून, कानशीने घासून काढले. फ्लायव्हीलही स्वतःची. ज्या मोजमापासाठी कारखान्यात मायक्रोमीटर लागतो, ते काम त्यांनी चाकाच्या एका जुन्या आऱ्यावर भागवले. टायरवरची नक्षी सुरीने तासून टायर गुळगुळीत केले. मूळ इंजिनात व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला होते, ते त्यांनी वर हेडमध्ये आणले. असे करता करता सहाशे सीसीचे इंजिन साडेनऊशे सीसीचे झाले.

माझे वडील, आण्णा, चौथीपर्यंत शिकलेले आहेत आणि आमच्या तालुक्याच्या गावी रस्त्याकडेला त्यांचे मोटारसायकल दुरुस्तीचे दुकान आहे. दिवाळीच्या सुटीत मी त्यांना हे सारे वाचून दाखवले. मला वाटले होते, घरी पिस्टन ओतला हे ऐकून ते थक्क होतील. ते झाले नाहीत. हातातली रिंग पुसता पुसता ते एवढेच म्हणाले की, पिस्टन ओतणे अवघड नाही, तो टिकवणे अवघड. तापला की तो फुगतो. सिलिंडरमध्ये जागा कमी ठेवली तर धरून बसतो आणि जास्त ठेवली तर दम निघून जातो. मग त्यांनी मला विचारले की या माणसाने असे किती पिस्टन फोडले असतील. पुस्तकी माणसाला हा प्रश्न सुचलाच नसता! त्या दिवसापासून मी मन्रो यांचे चरित्र विक्रमांच्या बाजूने न वाचता मोडतोडीच्या बाजूने वाचू लागले.

आणि त्या प्रश्नाचे उत्तर खुद्द मन्रो यांच्या शेडमध्येच मांडून ठेवलेले होते. तेथे फळ्यांवर फुटलेले पिस्टन, वाकलेले रॉड, चिरलेले भाग ओळीने ठेवलेले असत. वेगाच्या देवाला वाहिलेला हा नैवेद्य आहे, अशा अर्थाची पाटी त्यांनी वर रंगवली होती. आपल्याकडे गॅरेजमध्ये दसऱ्याला पान्यांची पूजा होते, मोडक्या भागांची नाही. मोडलेला भाग आपण भंगारात देतो. मन्रो तो ठेवून देत. भाग कोठे तुटला, हे पाहिल्यावरच पुढचा कोठे जाड करायचा हे त्यांना कळत असे. त्यांच्याकडे ना प्रयोगशाळा होती, ना पदवी. त्या फळ्या हेच त्यांचे ग्रंथालय.

येथे एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. १९२७ साली त्यांचे बेरिल यांच्याशी लग्न झाले. चार मुले झाली. १९४७ साली घटस्फोट झाला. त्यानंतर मन्रो यांनी नोकरीही सोडली आणि पुढे ते गाडीच्या शेडमध्येच राहू लागले. एका खोलीत बिछाना आणि गाडी. ध्येयवेड्या माणसाचे कौतुक करताना आपण हा भाग दोन ओळींत उरकतो. रात्र रात्र लेथ चालत असताना चार मुलांचे घर कोण चालवत होते, याचा विक्रम कोणत्याच यादीत लागत नाही. २००५ साली त्यांच्यावर एक इंग्रजी चित्रपट निघाला. अँथनी हॉपकिन्स यांनी मन्रो यांची भूमिका सुरेख केली आहे. पण त्यात बेरिलबाईंना आणि मुलांना जवळजवळ जागाच नाही. शिवाय अनेक वर्षांच्या खेपा त्यात एकाच प्रवासात गुंफल्या आहेत. त्यामुळे म्हाताऱ्याने एकदा जाऊन बाजी मारली असे वाटते. खरे तर दरवर्षीच्या अपयशाचे ओझे त्यांच्या पाठीवर होते.

इन्व्हरकार्गिलजवळ ओरेटी नावाचा लांबलचक, टणक वाळूचा समुद्रकिनारा आहे. ओहोटीच्या वेळी तेथे ते गाडी पळवून पाहत. १९३८ साली त्यांनी देशातला पहिला विक्रम केला. १९४० साली रस्त्यावर ताशी १२०.८ मैल आणि १९५७ साली वाळूवर ताशी १३१.३८ मैल. याहून पुढे जायचे तर किनारा अपुरा पडत होता. अमेरिकेच्या यूटा राज्यात बॉनव्हिल येथे एका प्राचीन आटलेल्या सरोवराचे मिठाचे पांढरे मैदान आहे. मैलोन्‌मैल सपाट, ना झाड ना वळण. १९५७ साली ते नुसते पाहायला म्हणून तेथे गेले आणि मग गाडी घेऊन पुन्हा पुन्हा जात राहिले. तोवर त्यांना हृदयाचा त्रास सुरू झालेला होता.

केवळ इंजिन वाढवून एवढा वेग मिळत नाही. विज्ञान शाखेतल्या माझ्या एका मैत्रिणीने मला हे वहीवर करून दाखवले. वेग दुप्पट झाला की वारा कापण्यासाठी लागणारी शक्ती आठपट होते. ८८ वरून २९६ किलोमीटरवर जायचे तर गाडीचा आकार तोच ठेवून शक्ती पस्तीसपटीहून जास्त लागेल. म्हणून मन्रो यांनी गाडीभोवती माशासारखे निमुळते कवच बसवले आणि स्वतः त्यात पोटावर पालथे पडून गाडी चालवली. मात्र ते कवच वेगात डगमगू लागे.

विक्रमासाठी एकदाच धावून चालत नाही. ठरलेले अंतर एका दिशेने आणि मग उलट दिशेने धावून दोन्हींची सरासरी धरतात, म्हणजे वाऱ्याची फुकटची मदत मोजली जात नाही. १९६२ साली त्यांनी आपल्या गटात ताशी १७८.९५ मैलांचा विक्रम केला. १९६६ साली वरच्या गटात १६८.०७. आणि ऑगस्ट १९६७ मध्ये १८३.५८६. तेव्हा मन्रो अडुसष्ट वर्षांचे होते आणि गाडी सत्तेचाळीस वर्षांची. त्याच वर्षी एका धावेत गाडी भयंकर लडबडू लागली. वेग कमी व्हावा म्हणून ते उठून बसले, तर वाऱ्याने डोळ्यांवरचा चष्मा उडवून नेला. काही दिसेना. आखलेली रेघ सोडून गाडी भलतीकडे गेली, एक लोखंडी खुंट थोडक्यात चुकला, आणि शेवटी त्यांनी गाडी आडवी पाडली. थोडे खरचटण्यावर निभावले.

१९७७ साली त्यांना पक्षाघाताचा झटका आला. गाडी आपल्या मुलखाबाहेर जाऊ नये म्हणून त्यांनी ती गावातल्याच हेज कुटुंबाच्या हार्डवेअरच्या दुकानाला विकली. ६ जानेवारी १९७८ रोजी ते वारले.

आता सुरुवातीच्या नियमाकडे पाहू. समजा, उद्या एखाद्या काटेकोर शौकिनाने ही स्काउट ताब्यात घेऊन तिला १९२० चे रूप द्यायचे ठरवले. तर त्याला बिडाच्या नळाचे सिलिंडर काढावे लागतील, ट्रॅक्टरच्या अ‍ॅक्सलचे रॉड फेकावे लागतील, हेड, व्हॉल्व्ह, टायर सगळे बदलावे लागेल. कारखान्याची स्काउट परत मिळेल आणि मन्रो यांची चाळीस वर्षे भंगारात जातील. माझ्या मते अशा गाडीला पुन्हा नवी करणे म्हणजे तिची नासाडी करणे. आण्णांचे मत थोडे वेगळे आहे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे गाडी अधूनमधून सुरू केली पाहिजे, नाहीतर आतून गंज धरतो, मग ती कोणाचीही असो. यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.

हेज यांच्या दुकानात ही गाडी खिळे, पाने आणि घरगुती सामानाच्या सोबतीने मांडून ठेवली गेली. स्क्रू घ्यायला आलेले गिऱ्हाईकही तिच्यापाशी थबकते. विक्रमाच्या आकड्यात मात्र एक दुरुस्ती झाली. १९६७ च्या दोन धावांची सरासरी काढताना हिशेबात चूक झाली होती, हे मन्रो यांच्या मुलाच्या लक्षात आले. अमेरिकन मोटारसायकल संघटनेने ती तपासली आणि २०१४ साली, मन्रो यांच्या मृत्यूनंतर छत्तीस वर्षांनी, यादीतला आकडा १८३.५८६ ऐवजी १८४.०८७ मैल असा केला.